वालूरच्या सुलाबाईचा सवाल

परभणीचं कृषी विद्यापीठ तेव्हा नवंनवं होतं. ते नाव अजून कुणाच्या तोंडात बसलं नव्हतं. खेड्यापाड्यातली माणसं 'कालेजात चाललो' असंच म्हणायची. दर साली पौषात, ज्वारीचा हुरडा भरात आला की तिथं शेतकरी मेळावा भरायचा. तीन दिवस नुसती झुंबड. गंगाखेडकडून बैलगाड्या यायच्या, पाथरी-सेलूकडून एष्ट्या भरभरून यायच्या, शाळेची पोरंपोरी गुरुजींच्या मागं रांगेनं यायची. मांडवाच्या एका टोकाला ट्रॅक्टर, दुसऱ्या टोकाला चकचकीत वळू, आणि मधे कापसाच्या, भुईमुगाच्या, फळझाडांच्या मांडण्या.

त्या दिवसांची आठवण निघाली की सटवाजी खिल्लारे म्हातारपणीसुद्धा खुलायचा. "आमच्या टायमाचा मेळावा!" असं म्हणून तो मांडी सावरून बसायचा, आणि मग ऐकणाऱ्यानं तासभर तरी उठायचं नाही, हे पिंगळीत सगळ्यांना ठाऊक होतं.

सटवाजी पिंगळीचा. सहावीपर्यंत शिकलेला. छप्पन सालानंतर वस्तीतल्या घरोघरी बुद्धाचा फोटो लागला आणि पोरं शाळेत जायला लागली, तेव्हा सटवाजी शाळेच्या वयातून बाहेर पडला होता. पण लिहिता-वाचता येत होतं, त्या जोरावर त्याला परभणीच्या कालेजात, विद्यापीठ व्हायच्या कितीतरी आधी, शिपायाची नोकरी लागली. पिकांवरच्या रोगांचा विभाग होता, त्यातल्या प्रयोगशाळेत. काचेची भांडी धुवायची, टेबलं पुसायची, साहेबांना चहा आणायचा. आणि सूक्ष्मदर्शक सांभाळायचा. या शेवटच्या कामात त्याचा जीव होता. धुऊन मऊ झालेल्या धोतराच्या फडक्यानं तो त्याच्या भिंगावरची धूळ टिपायचा. साहेब जेवायला गेले की हळूच डोळा लावायचा. अशी सतरा-अठरा वर्षं गेली. किती काचपट्ट्या त्यानं पाहिल्या असतील, मोजदाद नाही. पण त्यातलं त्याला काही कळत असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्याच्या स्वतःच्याही मनात आलं नव्हतं.

पंच्याहत्तर सालच्या मेळाव्यात त्यांच्या विभागाला मांडवाच्या कडेचं टेबल मिळालं. टेबलावर सूक्ष्मदर्शक, त्याखाली ज्वारीच्या काणी रोगाची काचपट्टी, शेजारी रोगट कणसांची जुडी. विभागाचे चौसाळकर सर मोठे विद्वान, स्वभावानं देवमाणूस, पण बोलायला लागले की पुस्तक उघडल्यासारखं बोलायचे. "हा बुरशीजन्य रोग असून बीजाणूंमार्फत याचा प्रसार होतो," असं त्यांनी म्हणेपर्यंत समोरचा माणूस "बरं बरं" करून वळू बघायला निघून गेलेला असायचा. सकाळपासून दहा-पंधरा माणसांनी जेमतेम डोळा लावला असेल.

अकराच्या सुमाराला सरांना बोलावणं आलं. पाहुणे आले होते, सगळ्या प्राध्यापकांनी व्यासपीठाजवळ हजर व्हायचं होतं. सर जाता जाता म्हणाले, "सटवाजी, मी येईपर्यंत तुम्ही दाखवत राहा."

दाखवत राहा म्हणजे काय, हे काही सर सांगून गेले नाहीत. सटवाजीनं आधी टेबल थोडं सरकवलं. ऊन हललं होतं, आणि खालच्या आरशात समोरच्या पांढऱ्या भिंतीचा उजेड धरावा लागायचा. थेट ऊन धरलं तर डोळा दिपतो. मग एक म्हातारा रेंगाळताना दिसला, त्याला त्यानं हाक मारली.

"या मामा. एक डोळा झाका, एक हितं लावा. काय दिसायलंय?"

"काईच न्हाई."

"हात लावू नका, मी फिरवतो. आता?"

"अगं माय! राळ्याच्या दाण्यावानी दिसायलंय. गोल गोल."

"ती काणी हाय, मामा. कणसात काळं पीठ भरतंय का न्हाई, ते. हातावर घेतलं तर नुसती काजळी. पर हितं बघा, एकेक दाणा सुटा हाय. त्यो दाणा म्हंजी काणीचं बी. तुमी ज्वारी पेरता, तशी ती आपलं बी पेरायलीय. तुमच्याच हातानं!"

म्हातारा मागं वळून मोठ्यानं ओरडला, "आरं ए, हिकडं या! काणी बी पेरायलीय म्हनं!"

आणि मग माणसं यायला लागली. दहाची वीस झाली, विसाची पन्नास. शाळेच्या पोरी आल्या, त्यांना सटवाजीनं एकेक करून लाकडी खोक्यावर उभं केलं. एक पोरगी डोळा लावून हलेचना. मागच्या पोरी तिची वेणी ओढायला लागल्या तरी ती तशीच. "बाई, जिवंत हाय का ते?" तिनं विचारलं, तेव्हा तिच्या शाळेतल्या बाई सटवाजीकडं बघायला लागल्या.

"जिवंत हाय. झोपलंय. वल लागली की जागं हुतंय," सटवाजी म्हणाला.

त्याच गर्दीत पिंगळीचे दिनकरराव आले. साठ एकरांचे कास्तकार. सटवाजीच्या बापानं त्यांच्या शेतात हयात घालवली होती. त्यांच्या ओट्याची पायरी सटवाजी कधी चढला नव्हता. दिनकररावांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. टेबलाकडं बघून ते म्हणाले, "अरे, ही तर खुर्दबीन! आमच्या मास्तरांनी पुस्तकात दाखवली होती. डोळ्यानं आज बघतोय."

ते वाकले. पण पटका आडवा येत होता आणि मान नीट बसत नव्हती. सटवाजी क्षणभर घुटमळला. मग त्यानं जे मघापासून सगळ्यांचं केलं होतं तेच केलं. हनुवटीला दोन बोटं लावून दिनकररावांचं डोकं जागेवर आणलं. "हलू नका मालक. आसंच."

दिनकरराव बराच वेळ बघत राहिले. उठले तेव्हा डोळ्याला पाणी आलं होतं. ताणानंच आलं असेल. "लय बारीक हाय की रे हे," एवढंच बोलले आणि पुढं गेले. सटवाजीच्या बोटांना मात्र कितीतरी वेळ त्या वाढलेल्या दाढीच्या खुंटांचा स्पर्श जाणवत राहिला.

दुपारी सुलाबाई आली.

ती वालूरची. पस्तिशीची, हिरव्या लुगड्याची, उन्हानं रापलेली बाई. नवरा बन्सीधर तिच्या मागं चपला हातात घेऊन उभा होता. चपलेचा अंगठा तुटला होता. सुलाबाईनं डोळा लावला, बघितलं, सरळ झाली. बाकीचे लोक बघून 'आबाबा' करत होते, तसं तिनं काही केलं नाही. तिनं विचारलं, "हे बियातून येतं म्हंता?"

"व्हय बाई."

"मी चार वर्सं झाली, काळं कणीस दिसलं की खुडून जाळायलीय. बियाला टपोरी, निवळ कणसं बाजूला काढते. एक बी काळा दाणा त्यात नसतो. तरी काणी यायचीच. मंग ती येती कुठून? हे सांगा."

सटवाजीनं तोंड उघडलं आणि त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याला हे ठाऊक नाही. इतका वेळ जीभ कशी सरसर चालली होती. आता एखादं काहीतरी ठोकून देता आलं असतं, कुणी पकडलं नसतं. पण ती बाई सरळ त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"बाई, मला ठाऊक न्हाई," तो म्हणाला. "सरांला इचारून सांगतो."

गर्दीतलं कुणीतरी हसलं. "शिपाई हाय त्यो! त्याला काय इचारती, बाई!"

सुलाबाई हसली नाही. "मंग इचारून सांगा. मी वालूरची. मारुतीच्या मागं बन्सीधरचं घर कुनी बी दावील." आणि ती गेली.

तास-दीड तासानं चौसाळकर सर परत आले, तर टेबलाजवळ जायला वाट नव्हती. त्यांनी मागं उभं राहून थोडा वेळ सटवाजीचं बोलणं ऐकलं. सटवाजीला ते दिसले आणि तो टेबलापासून एक पाऊल मागं सरला. आपण शिपाई असून शिकवायला लागलो, आता सर काय म्हणतात! पण सर तसेच मागं उभे राहिले. संध्याकाळी सामान आवरताना सटवाजीनंच तो सवाल त्यांच्यापुढं ठेवला.

"बरोबर विचारलं बाईंनी," सर म्हणाले. "मळणीच्या वेळी रोगट कणसातले बीजाणू निरोगी दाण्यांना चिकटतात. डोळ्यांना दिसत नाहीत."

सरांचं एकच वाक्य. पण ते ऐकलं आणि सटवाजीला त्याची माय दिसली. दिनकररावांच्या खळ्यावर ज्वारी उपणताना दिवसभर वावडीच्या उंच तिवईखाली उभी राहायची, आणि घरी आल्यावर दोन दोन दिवस काळं थुंकायची. नाकपुड्या काळ्या, पापण्या काळ्या. खळ्यावर शंभरात चार काळी कणसं गेली तरी बैलांच्या पायाखाली फुटून सगळ्या राशीवर ती काजळी बसायची. निवळ दिसणाऱ्या दाण्यावरसुद्धा.

"म्हंजी सर, बाईनं कणसं येगळी काढली, पर खळं एकच. चाळणी एकच. पोतं एकच."

"हो. म्हणून तर पेरणीआधी बियाण्याला गंधक चोळायला सांगतो आपण. मी बाईंना पत्र टाकतो."

"पत्र वाचील कोन, सर?"

सरांनी चष्मा काढून त्याच्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गंधकाच्या भुकटीची पुडी बांधून सटवाजीच्या हातात दिली.

त्या रविवारी सटवाजीनं पिंगळीहून पॅसेंजर धरली, सेलूला उतरला, तिथून वालूरची एष्टी. सापडलं घर. अंगणात जाऊन तो सवयीनं उभाच राहिला. ओट्यावर सुलाबाईची सासू चांगुणाबाई बसली होती. डोळ्यांनी तिला कमी दिसायचं.

"पाव्हनं कुठलं?"

"पिंगळीचा मी. सटवाजी खिल्लारे."

"कोन लोक?"

"बौद्ध हाय आमी, मावशी."

म्हातारी उठली. हळूच लुगडं सावरून आत गेली. तेवढ्यात सुलाबाई गोठ्यातून आली आणि त्याला बघून चकितच झाली. "आगं बया! तुमी खरंच आलात? बसा की, उभे कामून?"

सटवाजी जोत्याच्या कडेला टेकला आणि त्यानं खळ्याची हकीकत सांगितली. सुलाबाई ऐकता ऐकता खालीच बसली. "खळं," ती म्हणाली. "घ्या! आन मी बसलेय कणसं निवडत." बन्सीधर खांबाला टेकून ऐकत होता, त्यानं नुसती मान हलवली. मग सटवाजीनं पुडी सोडली. किलोभर ज्वारीला चहाचा एक चमचा, शीग आलेला. मडक्यात घालायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि हात दुखेस्तोवर हलवायचं. "आन एक करा बाई. अर्धं बी असं पेरा, अर्धं तसंच. मंग तुमचं तुमीच बघा. माझं ऐकू नका, सरांचं बी ऐकू नका."

आतून चहा आला. कान तुटलेली कपबशी होती, बाजूला ठेवलेली असणार. असल्या कपातला चहा सटवाजीनं जन्मभर घेतला होता. तो प्याला आणि कप विसळायला रांजणाकडं उठला. सुलाबाईनं त्याच्या हातातून कप घेतला.

"ठिवा. म्या सवाल केला, त्याचा जवाब घिऊन तुमी एवढ्या लांब आलात. ठिवा ते."

तो कप धुतला कुणी, कुठं ठेवला, हे सटवाजीनं बघितलं नाही. एष्टीची वेळ झाली होती.

पुढचं वर्षभर त्याला वालूरच्या त्या वावरानं छळलं. पेरण्या झाल्या तेव्हा त्याला वाटत राहायचं, की बाईनं चमचा कमी घातला असेल तर? ज्वारी निसवायला लागली तेव्हा तर तो कामावरून येताना रस्त्यात सायकल थांबवून दुसऱ्यांच्या शेतातली कणसं दाबून बघायचा. त्याची बायको कडूबाई म्हणायची, "वालूरच्या ज्वारीचा एवढा घोर लागलाय. घरातल्या ज्वारीत सोंडे झालेत, ते बघा कधी!"

आणि मग शहात्तरचा मेळावा आला. आता सूक्ष्मदर्शकाच्या टेबलावर सरांनी आपण होऊन सटवाजीला उभं केलं होतं. पहिला दिवस गेला, सुलाबाई नाही. दुसरा दिवस कलला. सटवाजीनं मनाशी म्हटलं, गेलं, फसलं. खोटे पडलो आपण.

तेवढ्यात गर्दीत डोक्यावर कणसांसकट कडब्याच्या दोन पेंढ्या घेतलेली बाई दिसली. मागं सात-आठ बायका. सुलाबाईनं पेंढ्या धाडकन टेबलावर टाकल्या.

"हे बिनगंधकाचं. शंभर कणसं मोजली, बावीस काळी. आन हे गंधकाचं. शंभरात तीन."

सटवाजी एकेक कणीस दाबून बघायला लागला. चौसाळकर सर धावत आले, वही काढून लिहायला लागले. वालूरच्या बायका सटवाजीभोवती कडं करून उभ्या राहिल्या. सुलाबाईनं मात्र कंबरेवर हात ठेवले.

"पर तीन तरी कामून राहिली? हे सांगा आता."

सटवाजी इतका हसला, इतका हसला, की त्याला टेबल धरावं लागलं. सरही हसले. पण मग सर तिथंच खोक्यावर बसले आणि त्यांनी सुलाबाईला एक-एक विचारायला सुरुवात केली. शेजारचं वावर कुणाचं, पेरताना बी सोडायची चाडी कुठली, मडकं किती वेळ हलवलं. निघालं ते असं, की चाडी दिराची होती आणि तिच्यातून आधी बिनगंधकाचं बी गेलं होतं. सुलाबाईनं कपाळावर हात मारला. उरलेला दिवसभर टेबलाजवळ तीच बोलत होती. सटवाजी नुसता भिंग फिरवायला उभा.

त्या साली सरांनी काणीवर एक घडीपत्रक काढलं. आधी त्यांनी आपल्या भाषेत लिहिलं, मग सटवाजीला समोर बसवलं. "तुम्ही टेबलावर सांगता तसं सांगा." सटवाजी सांगत गेला, सर लिहीत गेले. 'काणी आपलं बी तुमच्याच हातानं पेरते' हे वाक्य पत्रकावर पहिलं छापलं गेलं. खाली नाव सरांचं होतं, आणि त्याखाली बारीक अक्षरात 'साहाय्य : श्री. सटवाजी खिल्लारे'. कडूबाईनं ते पत्रक बुद्धाच्या फोटोखाली चिकटवलं होतं.

सत्त्याहत्तर साली मेळाव्याची माणसं पहिल्यांदा बाहेर, गावांकडं निघाली. वालूरच्या बाजाराच्या दिवशी जीप आली, तिच्यातून सूक्ष्मदर्शकाची पेटी सटवाजीनं मांडीवर घेऊन आणली होती. खड्ड्याखड्ड्याला तो पेटी उचलून धरायचा, आणि ड्रायव्हर म्हणायचा, "तान्हं लेकरू हाय का काय ते!" टेबल सुलाबाईच्या अंगणात मांडलं. अर्धं वालूर बाजार टाकून तिथं लोटलं. दुपार उलटली, गर्दी पांगली, तेव्हा चांगुणाबाई भिंतीचा आधार घेत ओट्यावरून उतरली.

"सुले, मला बी बघायचंय."

तिला स्टुलावर बसवलं. सटवाजीनं भिंग फिरवलं, आरसा हलवला, पुन्हा भिंग फिरवलं. म्हातारीनं डोळा लावला, मग दुसरा लावला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला.

"काय बी दिसंना," ती म्हणाली. आवाज एकदम लहान पोरीसारखा झाला होता.

मग तिनं हात पुढं करून चाचपलं. सटवाजीची बाही तिच्या हाताला लागली, ती तिनं धरली. "तुमाला दिसायलंय नव्हं? मंग तुमी सांगा. म्या ऐकते."

सटवाजी तिच्याजवळ उकिडवा बसला. त्यानं डोळा लावला आणि सांगायला लागला. गोल दाणे, राळ्यासारखे, तपकिरी. एकमेकांना खेटून बसलेले. काहींची कड गडद, काहींची फिकी. ते ज्वारीच्या दाण्याला कसे चिकटतात, मातीत वल लागली की कसे जागे होतात, कोवळ्या कोंबात कसे शिरतात. सटवाजी तासाभराचं बोलणं बोलला असेल. बाही सुटली नव्हती.

"मंग हा देवीचा कोप नव्हं?" म्हातारीनं शेवटी विचारलं. "आमी दर साली कोंबडं द्यायलो व्हतो, ते?"

"कोंबडं तुमी खाल्लं, मावशी. ज्वारी काणीनं खाल्ली."

म्हातारीचं बोळकं हसायला लागलं. "लय वर्सं खाल्ली मुडदीनं." आणि घराकडं तोंड करून ओरडली, "सुले, पाव्हन्याला च्या टाक. मला बी टाक. हितंच आन, वट्यावर." सटवाजीला तिनं बाहीला धरूनच ओट्यावर नेलं.

चांगुणाबाई पुढच्या उन्हाळ्यात गेली. चौसाळकर सरांची पुढं बदली झाली. मेळावा मोठा होत गेला, मांडव वाढले, लाउडस्पीकर आले.

सुलाबाईनं सवाल विचारणं काही सोडलं नाही. अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर सेलूचा एक कंडक्टर विद्यापीठात विचारत विचारत आला. वालूरच्या बाईनं निरोप दिला होता, की तुरी उभ्या उभ्या वाळायल्यात, मुळी चिरली तर आत काळ्या रेघा हायत, हे कामून, इचारून सांगा. सटवाजीनं ते कागदावर जसंच्या तसं लिहून घेतलं, विभागातल्या नव्या सरांपुढं नेऊन ठेवलं, त्यांचं म्हणणं दोनदा विचारून पक्कं केलं. रविवारी सकाळी कडूबाईनं भाकरी बांधून दिली, आणि तो पॅसेंजर गाठायला स्टेशनकडं निघाला.